दुसऱ्या कुणाच्या नकाराची वाट

२०२४ च्या मार्चमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लेकीच्या कॉलेज पोर्टलवर तीन ओळींचं पत्र आलं. पहिल्या ओळीत अभिनंदन, शेवटच्या ओळीत शुभेच्छा आणि मधल्या ओळीत एक शब्द: अल्टरनेट. पूर्ण ट्यूशन फी भरणारी स्कॉलरशिप तिला मिळाली नव्हती, पण हातातून गेलीही नव्हती. ज्या सहा जणांना ती देऊ केली होती, त्यांच्यापैकी कुणी नको म्हटलं, तर ती जागा राखीव यादीतल्या मुलांकडे क्रमानं जाणार होती. तिचा क्रम कितवा, हे पत्रात नव्हतं.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आई, म्हणजे आता मी दुसरं कुणीतरी नाही म्हणेल याची वाट बघायची?"

"हो," मी म्हटलं, "तसंच काहीसं."

त्या संध्याकाळपासून मेच्या मध्यापर्यंत मी दुसरं काही केलं नाही. तिच्याहून जास्त वाट मी पाहिली.

आम्ही अमेरिकेत राहतो, दोघंही नोकरी करतो. गरजेवर आधारित मदतीचा हिशेब मांडला की आमच्या वाट्याला शून्य येतं, आणि खासगी कॉलेजचा वर्षाचा ऐंशी हजार डॉलरच्या वरचा आकडा पाहिला की पोटात गोळा येतो. मागे धाकटा आहे, त्याचंही कॉलेज तीन वर्षांवर होतं. अशा मधल्या अवस्थेला इथले पालक 'डोनट होल' म्हणतात. २०११ पासून इथल्या जवळजवळ सगळ्या कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न, बचत, मुलांची संख्या भरली की खरोखर किती खर्च येईल याचा अंदाज मिळतो. आम्ही तो पाच-सहा कॉलेजांसाठी भरला. उत्तर सगळीकडे साधारण एकच. म्हणजे आमच्यासाठी दार उरलं ते मेरिट स्कॉलरशिपचंच. आणि जिथं प्रवेश सगळ्यात अवघड, त्या आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत हे दारच नाही. तिथं मदत मिळते ती फक्त गरजेप्रमाणे. म्हणून आम्ही अशी खासगी कॉलेजं शोधली जी गुण पाहून पैसे देतात. त्यातलं एक लेकीला मनापासून आवडलं. लहान वर्ग, आणि आवाराच्या मागच्या बाजूनं वाहणारा एक ओढा. तिला ओढ्यांचं वेड आहे, ते पुढे सांगते.

नोव्हेंबरच्या १ तारखेला अर्ज गेला. डिसेंबरच्या मध्यावर प्रवेशाचं पत्र आलं आणि सोबत वर्षाला २४,००० डॉलरची मेरिट स्कॉलरशिप. माझ्या डोक्यात स्कॉलरशिप म्हणजे परीक्षा, गुण, यादी आणि यादीत वर असलेलं नाव. २४,००० म्हणजे चार वर्षांचे ९६,०००! मी नातेवाइकांना फोन केले. पत्रात लिहिलं होतं की तिच्या 'असामान्य शैक्षणिक कर्तृत्वाची' ही दखल आहे, आणि मी ते वाक्य फोनवर अनुवाद करून ऐकवलं.

जानेवारीत मी वाचायला बसले. कॉलेजांच्या आर्थिक अधिकाऱ्यांची नाकुबो नावाची संघटना दरवर्षी खासगी कॉलेजांचा आढावा घेते. त्यातून कळलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशन फीवर मिळणारी सवलत गेली काही वर्षं सरासरी निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे छापील फी भरणारी मुलं थोडी, आणि 'असामान्य कर्तृत्वाचं' पत्र आलेली पुष्कळ. त्या पत्रामागे एनरोलमेंट मॅनेजमेंट नावाचं एक अख्खं खातं असतं. या मुलीला इतके दिले तर ती येण्याची शक्यता किती, इतके दिले तर किती, याची तिथं गणितं होतात. मुलगी कॅम्पस पाहायला आली होती का, कॉलेजचे ईमेल उघडते का, हेही काही कॉलेजं त्यात धरतात.

एक हिशेब मला फार लागला. एका गरजू मुलीला पूर्ण ऐंशी हजार देण्याऐवजी तेच पैसे बऱ्या परिस्थितीतल्या चार मुलांना वीस-वीस हजार करून वाटले, तर ती चौघं उरलेले साठ-साठ हजार घेऊन येतात. कॉलेजच्या दृष्टीनं हे व्यवहाराचं आहे, लहान कॉलेजांना तर कधी तगून राहण्यासाठी आवश्यकही. पण त्या चौघांत आमची मुलगी होती. मी ज्या पैशांचे फोन केले होते, ते कुठल्यातरी पाचव्या मुलीच्या बाजूनं पाहिले तर कसे दिसतील, हा विचार तेव्हा मनात शिरला आणि नंतर फार उपयोगी, फार त्रासदायक ठरला.

या देशातली पहिली स्कॉलरशिप १६४३ सालची. लंडनच्या लेडी ॲन मोल्सन यांनी हार्वर्डला १०० पौंड पाठवले, ते एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी. माहेरचं त्यांचं नाव ॲन रॅडक्लिफ, आणि पुढे हार्वर्डशी जोडलेल्या मुलींच्या रॅडक्लिफ कॉलेजला ते दिलं गेलं. म्हणजे सुरुवात गरजेपासून झाली होती. गुणवत्तेची देशव्यापी स्पर्धा बरीच नंतरची. नॅशनल मेरिट स्कॉलरशिप सुरू झाली १९५५ मध्ये. आणि कॉलेजांनी हुशार मुलांसाठी आपसात चढाओढ करावी का, हा प्रश्न तर थेट कोर्टात गेला. आयव्ही लीगची विद्यापीठं, एमआयटी आणि आणखी काही संस्था दरवर्षी एकत्र बसून, एकाहून जास्त ठिकाणी निवड झालेल्या मुलांच्या मदतीचे आकडे जुळवून घेत. आयव्ही आणि एमआयटी यांच्यात तर गुणांवर पैसे द्यायचे नाहीत असंच ठरलेलं होतं. १९९१ मध्ये न्याय खात्यानं हे स्पर्धाविरोधी आहे म्हणून दावा लावला. आयव्हींनी समझोता केला, एमआयटी लढली, आणि १९९३ मध्ये अपिलात तिच्याविरुद्धचा निकाल रद्द झाला. एमआयटीचं म्हणणं असं होतं की बोली लागली की पैसा गरजू मुलांकडून हुशार मुलांकडे वळतो. हे मी वाचलं तेव्हा आमच्याच घरात बोली लागली होती, आणि मला ती आणखी वर जायला हवी होती.

कारण जानेवारीच्या शेवटी दुसरं पत्र आलं होतं: पूर्ण ट्यूशनच्या स्कॉलरशिपच्या अंतिम फेरीसाठी निवड. जागा सहा, बोलावलेली मुलं नव्वदच्या आसपास. फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार कॅम्पसवर. मुलाखत, गटचर्चा, वेळ लावून लिहायचा निबंध, प्राध्यापकांबरोबर जेवण, आणि रात्री मुलींनी आधीच्या स्कॉलर मुलींच्या खोल्यांत झोपायचं.

पालकांसाठी वेगळा कार्यक्रम होता. मोठ्या सभागृहात आम्ही गळ्यात नावाच्या पट्ट्या घालून बसलो. व्यासपीठावरून एक बाई फार आपुलकीनं म्हणाल्या की इथपर्यंत आलेलं प्रत्येक मूल जिंकलेलंच आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कॉफीच्या वेळी आम्ही एकमेकांना अगदी मोकळेपणानं विचारू लागलो: तुमची कुठून आली, काय शिकायचंय, आणखी कुठं अर्ज केलेत. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी कान टवकारून ऐकत होते. ज्याच्या मुलाला आणखी दोन मोठ्या ठिकाणी आशा होती, तो मला बरा वाटत होता. हा मुलगा निवडला गेला तरी दुसरीकडे जाईल. अल्टरनेट हा शब्द अजून माझ्या आयुष्यात यायचा होता, पण हिशेब तेव्हाच सुरू झाला होता.

मुलं मात्र बाहेर हिरवळीवर घोळक्यानं उभी होती आणि हसत होती. एकमेकांचे नंबर घेत होती. दुपारी लेक मुलाखतीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. गेली दोन वर्षं ती आमच्या घराजवळच्या ओढ्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजते. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते वाहून ओढ्यात जातं, पाण्यातलं क्लोराइड वाढतं आणि त्यातले कीटक मरतात. निबंधात तिनं हेच लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी तिला विचारलं, तू जे मोजलंस त्यात तुला पटलं नाही असं काय निघालं? तर ती म्हणाली, उन्हाळ्यातही आकडा खाली येत नाही. मीठ टाकणं मार्चमध्ये थांबतं, मग ऑगस्टमध्ये ते येतं कुठून? त्यावर ते प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले आणि भूजलाबद्दल बोलू लागले. जमिनीत मुरलेलं मीठ वर्षभर झिरपत ओढ्यात येत राहतं. वीस मिनिटांतली बारा मिनिटं यातच गेली.

"आई, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं," ती गाडीत म्हणाली. "मला विसरायलाच झालं की ते मला गुण देतायत."

पुढे जे काही झालं, त्यात तिच्या पदरात पडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही बारा मिनिटं होती असं मला आज वाटतं. तेव्हा मी विचारलं, "मग उरलेल्या आठ मिनिटांत बाकीचं सगळं सांगितलंस ना? डिबेट, शिकवण्या?" ती खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या रात्री ती जिच्याबरोबर एका खोलीत जमिनीवर गादी घालून झोपली, ती मुलगी तिची मैत्रीण झाली. एका लहान गावातली. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी, वडील घरात नाहीत, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. दोघी पहाटे तीनपर्यंत बोलत होत्या. मार्चमध्ये त्या सहांत त्या मैत्रिणीचं नाव आलं, आणि माझ्या मुलीचं राखीव यादीत.

लेकीनं तिला त्याच संध्याकाळी फोन केला. दार बंद होतं, पण किंचाळण्याचा आणि हसण्याचा आवाज आला. मी बाहेर उभी राहून विचार करत होते की हिला आनंद कसा होऊ शकतो. मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट: त्या मुलीला आणखी कुठं मिळालंय का?

मिळालं होतं. दुसऱ्या एका खासगी कॉलेजात. पण तिथलं मदतीचं पत्रच येईना. त्या वर्षी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, नव्यानं बनवला होता आणि एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा तो डिसेंबरच्या अगदी शेवटी खुला झाला. कॉलेजांना मुलांची माहिती मिळायला मार्चचा मध्य उजाडला. जी पत्रं मार्चमध्ये हातात पडायची, ती एप्रिल सरत आला तरी पडेनात. १ मे ही इथली प्रवेश पक्का करायला डिपॉझिट भरायची जुनी मुदत. त्या वसंतात पुष्कळ कॉलेजांनी ती पुढे ढकलली. आमच्या यादीतल्या या कॉलेजनं आणि आमच्या राज्याच्या विद्यापीठानं १५ मे केली, मैत्रिणीच्या दुसऱ्या कॉलेजनंही तीच. सगळ्यांसाठी तो दिलासा होता. माझ्यासाठी आणखी दोन आठवडे.

वाट पाहणं शरीरात कुठं कुठं जाऊन बसतं, ते मला तेव्हा कळलं. मी ऑफिसात पोर्टल उघडत असे, लेकीचा पासवर्ड मला पाठ होता. रात्री अंथरुणात मोजत असे: सहांपैकी दोघांना मोठ्या विद्यापीठांची आशा होती, एकाला दूर जायचं नव्हतं, आणि ही मैत्रीण. माझ्यासाठी ती हळूहळू एक जागा बनत गेली होती. तिच्या आईचा चेहरा मी सभागृहात पाहिला होता, रात्रपाळी करून थेट गाडी चालवत आलेली, डोळे लाल. तरी मी मोजत होते. आपल्या मुलासाठी माणूस काय काय विसरायला तयार होतो, हे दुसऱ्यांविषयी मी अनेकदा बोलले होते.

लेकीनं त्या आठवड्यांत पोर्टल किती वेळा उघडलं मला माहीत नाही. ती शाळेत जात होती, रविवारी ओढ्यावर जात होती. एकदाच म्हणाली, "मी तिला काही विचारणार नाहीये. तूही मला तिच्याबद्दल विचारू नकोस."

९ मेच्या रात्री मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. दुसऱ्या कॉलेजचं पत्र अखेर आलं होतं आणि ते भलं मोठं होतं. ट्यूशनपुरती स्कॉलरशिप एकीकडे, आणि दुसरीकडे 'एकूण मदत' म्हणून त्याहून दहा हजारांनी मोठा आकडा. तिची आई म्हणत होती, मोठा आकडा घे. घरात हे कागद वाचू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. "तुला हे येतं ना," ती म्हणाली. "तुझ्या आईनं ते मोठं शीट केलं होतं ना?"

शीट मी केलं होतं. लेकीनं ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दार उघडं होतं.

"वाच," लेक म्हणाली. "एकेक ओळ वाच."

मैत्रीण वाचत गेली. स्कॉलरशिप. पेल ग्रँट, ७,३९५. "ही सरकारची, गरजेवरची. ही तुला दोन्हीकडे मिळेल, म्हणून दोन्हीकडे लिही." मग फेडरल लोन, ५,५००. "हे कर्ज आहे. हे मदतीत कसं धरलंय? काढ." मग वर्क-स्टडी. "हा तुझा पगार आहे. काम करशील तेव्हा मिळेल. काढ." तिकडे शांतता. मला घड्या घालता येईनात.

पत्रात चूक काही नव्हती. कॉलेजं असंच लिहितात. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओ या कार्यालयानं २०२२ मध्ये अहवाल दिला होता की ९१ टक्के कॉलेजं मदतीच्या पत्रात खरी द्यावी लागणारी रक्कम एक तर सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात. ते मी वाचलं होतं म्हणून तर शीटमध्ये कर्जाचा रकाना वेगळा केला होता. माझ्या मुलीसाठी केला होता.

"आता अटी वाच. जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, किती ठेवायचाय?"

"साडेतीन."

"आणि इकडे?"

"तीन."

लेक थांबली. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे: आता पुढचं सांगू नकोस. तिनं विचारलं तेवढं झालं. पुढचं तिचं तिला ठरवू दे.

"हे बघ," लेक म्हणाली, "पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत एक सी पडला तर साडेतीन टिकवणं अवघड. आणि ते गेलं, की तिकडची स्कॉलरशिप जाते आणि तू दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर अडकतेस. शिवाय तिकडे आकडा ठरलेला आहे. फी दर वर्षी वाढेल, आकडा वाढणार नाही. इकडे त्यांनी 'पूर्ण ट्यूशन' लिहिलंय, म्हणजे फी वाढली की हीही वाढते. राहण्या-जेवणाचे तुला दोन्हीकडे काढावे लागतील, पण इकडे पेल त्यालाच वापरता येईल. ऑफिसला ईमेल करून विचार, की पेल आल्यावर स्कॉलरशिप कमी करता का. ते लेखी घे."

"म्हणजे इकडची घेऊ?"

"इकडचीच घे."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मैत्रिणीनं हळूच विचारलं, "पण मी घेतली तर तुझं...?" तिलाही माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि दोघींनी ते दोन महिने मधे येऊ दिलं नव्हतं.

"माझं वेगळं आहे," लेक म्हणाली. "माझं होईल." मग म्हणाली, "तिथं मागे ओढा आहे, तुला दाखवला होता ना? सप्टेंबरमध्ये एकदा मीटर टाकून आकडा पाठव मला."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मी घड्या घातलेले कपडे उगीच पुन्हा उलगडले. तिच्याजवळ जावं असं वाटत होतं, पण मी मघाशी मनात काय म्हणाले होते ते तिला माझ्या तोंडावर दिसेल अशी भीती वाटली. शेवटी गेले. शीट अजून उघडं होतं. त्यात आमच्याही ओळी होत्या: त्या कॉलेजात २४,००० वजा जाऊन उरणारा आकडा, आणि खाली राज्याच्या विद्यापीठाचा, जवळजवळ त्याच्या निम्मा. ती खालची ओळ आम्ही डिसेंबरपासून कुणी वाचली नव्हती.

ती त्याच ओळीकडे बघत होती. डोळे भरलेले होते, आणि ते पुसायचा तिनं काही प्रयत्न केला नाही.

"आई," ती म्हणाली, "विद्यापीठाचं डिपॉझिट आज भरूया?"

"अजून सहा दिवस आहेत गं. बाकीचे पाच जण आहेत."

"माहितीये. पण आज भरूया. तुझं कार्ड दे."

मी पर्स आणायला उठले.